‘आई, मी मोर्चाला जाऊ?’

कुंभमेळ्यातल्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याची महापालिकेची नोटीस नोव्हेंबर २०२५ मध्ये आली आणि नाशिककर रस्त्यावर उतरले. तेव्हापासून या सदराच्या टपालात मुलांविषयीची पत्रं वाढली आहेत. फलक रंगवणारी, रील करणारी, ग्रुप चालवणारी मुलं आणि त्यांच्यामागे धास्तावलेले आईबाप. बालहक्क, कायदा आणि सायबर सुरक्षा या विषयांत काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी त्यातल्या काही पत्रांना दिलेली ही उत्तरं.

माझी मुलगी नववीत आहे. तिला झाडांसाठीच्या आंदोलनाला जायचंय. सासरे म्हणतात, अठरा वर्षांपर्यंत हे असलं काही करायचं नाही, कायदाच तसा आहे. खरं का?
*– एक आई, इंदिरानगर*

नाही. अठराची अट मतदानाची आहे, आणि तीसुद्धा १९८९ पर्यंत एकवीस होती. मत असायला, ते बोलून दाखवायला घटनेत वय लिहिलेलं नाही. कलम १९ ‘नागरिकांना’ भाषणाचं स्वातंत्र्य देतं आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचंही. तुमची मुलगी नागरिक आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. त्यातलं कलम १२ मुलांचं म्हणणं ऐकून घ्यायला सांगतं, कलम १५ शांततापूर्ण सभेचा हक्क देतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच केरळमधल्या तीन शाळकरी भावंडांच्या बाजूने निकाल दिला होता. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेने त्यांना काढून टाकलं होतं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. म्हणजे शाळेच्या फाटकातून आत शिरल्यावरही मूल नागरिकच असतं.

पण हक्क असला म्हणजे कुठेही, कधीही जमता येतं असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक मुदतीचे मनाई आदेश काढतात. असा आदेश लागू असताना पाच किंवा अधिक जणांनी विनापरवानगी जमलं तर तो गुन्हा होतो, मग मागणी कितीही रास्त असो. म्हणून मुलीला विचारायचा पहिला प्रश्न ‘कशासाठी जातेस’ हा नाही, तो तिला चांगला ठाऊक असतो. ‘परवानगी कोणी काढली आहे’ हे विचारा.

सासऱ्यांना नंदुरबारच्या शिरीषकुमारची आठवण करून देता येईल. ९ सप्टेंबर १९४२ ला मिरवणुकीत गोळी लागून तो गेला तेव्हा पंधराच वर्षांचा होता. मात्र हा दाखला वाद जिंकायला वापरावा, मुलीला पाठवायला नव्हे. मुलांनी छातीवर गोळ्या झेलाव्यात असा काही संकेत नाही.

मुलगा (१५) आणि त्याचे मित्र शालिमारहून जिल्हाधिकारी कार्यालयावर जाणाऱ्या मोर्चात जाणार आहेत. नाही म्हणायचं नाही, पण झोपही लागत नाही. नेमकी काय तयारी करून द्यावी?
*– वडील, सातपूर*

आधी आयोजकांची परीक्षा घ्या, मुलाची नंतर. पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आहे का आणि त्यात मार्ग, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ लिहिली आहे का? मागण्यांचं निवेदन तयार आहे का, आणि ते कोणत्या अधिकाऱ्याला द्यायचं? स्वयंसेवक किती, ते ओळखू कसे येणार? तिन्हींची उत्तरं एका फोनमध्ये मिळाली नाहीत तर मुलाला त्या दिवशी घरी ठेवा. चांगल्या आयोजकांना हे प्रश्न खुपत नाहीत. मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिकच्या सीबीएस चौकातून निघून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेला. शेवटच्या रात्री दमलेले लोक पुन्हा उठून आझाद मैदानाकडे चालू लागले, कारण सकाळी दहावीची परीक्षा होती आणि मुलांना रस्त्यात अडकवायचं नव्हतं. मागण्या लेखी होत्या, सरकारचं आश्वासनही लेखी घेतलं गेलं. आयोजक असे असावेत.

वयाचं गणित आमच्या मते असं. दहाच्या आतलं मूल मोर्चात नको. धरण्याला तासभर आईच्या शेजारी बसलं तर हरकत नाही. दहा ते चौदा, आई-वडिलांपैकी कोणीतरी हाताच्या अंतरावर हवं. पंधरा ते सतरा, चार मुलांमागे एक ओळखीचा मोठा माणूस, आणि तो ‘मीही कार्यकर्ता’ म्हणून पुढे घोषणा द्यायला जाणारा नसावा. एकट्या मुलांची टोळी अजिबात पाठवू नका.

मग अंगावरचं. बंद बूट, चप्पल नको, कारण रेटारेटीत पहिली जाते ती चप्पल आणि ती उचलायला वाकणारं मूल खाली पडतं. एक लिटर पाणी. उन्हाळा असेल तर त्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. टोपी, शाळेच्या ओळखपत्राची झेरॉक्स (मूळ ओळखपत्र घरी), शंभर-दोनशे रुपये सुटे. वडिलांचा आणि आणखी एका मोठ्या माणसाचा नंबर दंडावर बॉलपेनने लिहा. फोन हरवला की पाठ असलेला नंबरही आठवत नाही. गणवेश नको. त्यावरून शाळा ओळखू येते आणि शाळा नाहक अडकते. फलकाला काठी नको, पुठ्ठाच हातात धरायचा. काठी दिसली की ‘विनाशस्त्र’ या शब्दाचा अर्थ लावायला पोलीस मोकळे होतात.

फोनचं काम आदल्या रात्री करायचं. चेहरा आणि बोटाचं लॉक काढून सहा आकडी पिन ठेवा, लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, बँकेची आणि पैशांची अ‍ॅप्स काढून टाका. हे मुख्यतः पोलिसांसाठी नाही, खिसेकापूंसाठी आहे. मोर्चा हा त्यांचा हंगाम असतो. *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, घरी कागदावर लिहून ठेवा. फोन चोरीला गेला किंवा जप्त झाला तर तोच लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांसाठी सुरू करून एकाच घरच्या माणसाला पाठवा, ग्रुपवर नको. मात्र त्यावर विसंबू नका. हजारो फोन एका टॉवरवर आले की इंटरनेट आधी बसतं, कॉल नंतर, साधा एसएमएस बहुधा शेवटपर्यंत जातो. म्हणून तासातून एकदा ‘ठीक’ असा एसएमएस करायचं ठरवा. आला नाही तर लगेच घाबरू नका, दुसराही चुकला तर सोबतच्या मोठ्या माणसाला फोन करा.

आता उभं कुठे राहायचं. मोर्चाचे तीन भाग केले तर मधल्या भागात, रस्त्याच्या कडेने. पुढे पोलिसांचं कडं असतं. शेपटाला उशिरा आलेले, उगाच आलेले आणि कधीकधी दगड घेऊन आलेले असतात. कडेला असलं की गल्ली सापडते. पण आधी पाहून ठेवलेली गल्लीच सुटकेची. जुन्या नाशिकच्या गल्ल्या अरुंद आणि उताराच्या आहेत. २७ ऑगस्ट २००३ ला कुंभमेळ्यात अशाच भागात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. गर्दी दाटली तर प्रवाहाच्या उलट जायचं नाही, थेट आडवंही नाही. लोटासोबत तिरकं सरकत कडेला यायचं. दोन्ही हात छातीसमोर, कोपर बाहेर, म्हणजे श्वासाला जागा राहते. काहीही पडलं तरी वाकायचं नाही.

आणि परत निघायची वेळ मोर्चा संपायच्या आधीची ठेवा. निवेदन देऊन झालं, भाषणं सुरू झाली, की मुलांचं काम झालं. गडबड होते ती बहुधा पांगताना. चुकामूक झाली तर भेटायचं ठिकाण मोर्चाच्या मार्गापासून किमान दोन चौक दूर ठरवा. ‘कार्यालयाच्या गेटवर भेटू’ म्हणणाऱ्यांना गेटवर पोहोचताच येत नाही.

पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतलंच तर? पुढे नोकरी, पासपोर्ट, सगळंच संपलं का?
*– एक आई, सिडको*

अठरा पूर्ण झालेली नसतील तर बाल न्याय कायदा २०१५ लागू होतो आणि तो बराच भक्कम आहे. मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. त्याला विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावं लागतं. असा अधिकारी प्रत्येक पोलीस ठाण्यात नेमलेला असायला हवा. ठाण्यात गेल्यावर आरडाओरडा न करता ‘बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?’ हे विचारा. समोरच्याचा सूर तिथेच बदलतो. पालकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि चोवीस तासांत मुलाला बाल न्याय मंडळासमोर हजर करावं लागतं. जामीन हा नियम आहे, नाकारणं अपवाद. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

वयाचा पुरावा घेऊनच निघा, जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला. सतरा वर्षांची, मिशी फुटलेली उंच मुलं सर्रास ‘सज्ञान’ म्हणून नोंदली जातात. नंतर ते दुरुस्त करण्यात दिवस जातात.

एक मेख मात्र सांगायला हवी. किरकोळ प्रकरणात मुलावर एफआयआर न करता फक्त स्टेशन डायरीत नोंद करायची असा नियम आहे, पण मोठ्यांसोबत मिळून गुन्हा केल्याचा आरोप असेल तर एफआयआर होऊ शकतो. मोर्चात मोठी माणसं असतातच. त्यामुळे ‘लहान आहे, सोडून देतील’ हा भरवसा आयोजकांनी दिला तर तो मानू नका. तरीही कलम २४ प्रमाणे अशा प्रकरणातून मुलाला पुढे अपात्रता चिकटत नाही, आणि कलम ७४ प्रमाणे त्याचं नाव, शाळा, फोटो छापता येत नाही. फक्त सोळा ते अठरा वयात, अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांप्रमाणे खटला चालून दोषी ठरलं तर अपात्रतेपासूनचं हे संरक्षण मिळत नाही.

अठराव्या वाढदिवसानंतर जे घडेल त्याला बाल न्याय कायद्याचं हे संरक्षण नाही. बारावीच्या वर्गात अर्धी मुलं या बाजूला, अर्धी त्या बाजूला असतात आणि एकमेकांना सांभाळत एकाच रांगेत चालतात. त्यांना हा फरक माहीत असलेला बरा.

मी अकरावीत आहे. आमच्या भागातल्या मैदानासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, २८० जण झाले. कोणी काही भलतंच टाकलं तर अ‍ॅडमिन म्हणून माझ्यावर केस होते का?
*– विद्यार्थी, नाशिकरोड*

केवळ अ‍ॅडमिन आहेस म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हेच सांगितलं: सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, त्यात अ‍ॅडमिनचा सामायिक हेतू असल्याशिवाय, अ‍ॅडमिन जबाबदार नाही. पण तू त्या मजकुराला दुजोरा दिलास, तो पुढे ढकललास, तर जबाबदारी तुझ्यावरही येऊ शकते. धर्म किंवा जातीवरून तेढ (भारतीय न्याय संहिता, कलम १९६) आणि अफवेतून भीती पसरवणं (कलम ३५३) ही दोन कलमं लक्षात ठेव. आक्षेपार्ह पोस्टवर शिक्षा देणारं आयटी कायद्याचं ६६अ आता नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यानंतर ते कलम न्यायालयात गेलं आणि मार्च २०१५ मध्ये रद्द झालं. कोणी त्याची धमकी दिली तर घाबरू नकोस.

२८० अनोळखी लोकांना एकमेकांचे नंबर दिसतात, ही तुझ्या ग्रुपची खरी अडचण आहे. त्यात आठवीतल्या मुली असतील तर विचार कर. कम्युनिटी काढ, तिच्या घोषणा ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि संदेश फक्त अ‍ॅडमिन टाकतात. चर्चेसाठी पंधरा-वीस ओळखीच्यांचा वेगळा ग्रुप पुरे. अ‍ॅडमिन तिघे ठेव, त्यातला एक सज्ञान.

व्हिडिओ आला की तीन गोष्टी पाहायच्या. दुहेरी बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड’ असं लिहिलेलं असेल तर आधी थांब. मग त्यातल्या एका फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सवर टाक. जुन्या आंदोलनाचे, दुसऱ्या राज्यातले लाठीमार ‘आत्ताचे नाशिक’ म्हणून फिरतात आणि बहुतेक इथेच पकडले जातात. शेवटी दुकानांच्या पाट्या वाच, गाड्यांच्या नंबरप्लेट बघ. एमएच १५ कुठेच दिसत नसेल आणि पाट्या दुसऱ्याच लिपीत असतील तर पुढे शोधायची गरज नाही. स्वतः काढलेला फोटो टाकताना लहानांचे चेहरे झाक, तेही ठिपक्यांच्या ब्लरने नव्हे तर अपारदर्शक रंगाने. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवला तर त्यातली जागेची माहिती गळते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच जाते.

आणि वर्गणी तुझ्या किंवा मित्राच्या क्यूआर कोडवर घेऊ नकोस. फलकांचे चारशे रुपये असले तरी. मैदानाचा विषय मागे पडतो आणि हिशेबाचा वाद ग्रुप खातो. शिवाय तू अठराच्या आतला असल्याने प्रश्न तुझ्या वडिलांना विचारले जातात.

गंगापूररोडवरून: नेपाळचे व्हिडिओ पाहून मुलगा म्हणतो, ‘बदल असाच होतो.’ काय सांगू?

सगळी गोष्ट सांगा, अर्धी नको. ४ सप्टेंबर २०२५ ला नेपाळ सरकारने २६ समाजमाध्यमं बंद केली. ८ तारखेला काठमांडूत तरुण रस्त्यावर आले. आवाहनात शाळा-कॉलेजचे गणवेश घालून, पुस्तकं घेऊन या असं होतं, आंदोलन शांततेचं आहे हे दिसावं म्हणून. त्या एका दिवसात १९ जण मेले. ९ तारखेला पंतप्रधानांनी राजीनामा दिला, संसदेची इमारत जळाली, आणि काळजीवाहू पंतप्रधान कोण असावं याची चर्चा तरुणांनी डिस्कॉर्ड या गेमिंगच्या चॅट अ‍ॅपवर केली. मुलाला यातला शेवटचा भाग भावला असेल तर त्यात वाईट काही नाही. त्याला विचारा, अ‍ॅपवर मत देणारा तिथला नागरिकच होता हे कोणी आणि कसं तपासलं? यावर मुलं तासभर बोलतात, आणि चांगलं बोलतात.

आमची मुलगी लाजाळू आहे, घोषणा द्यायला नको म्हणते. पण झाडांचं तिला मनापासून वाटतं. तिने काय करावं?
*– पालक, पंचवटी*

खरं सांगायचं तर तिच्याकडेच जास्त ताकदीचं काम आहे. घोषणा हवेत जातात, हरकत फाइलला लागते.

झाड तोडण्याची नोटीस निघाली की हरकतींसाठी मुदत दिलेली असते. तिने एकच झाड निवडावं. खोडावर रंगवलेला क्रमांक, जात, नेमकी जागा (कोणत्या रस्त्याला, कशासमोर) आणि बुंध्याचा घेर. घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण १.३७ मीटरवर मोजतात. शिंप्याची टेप दीड मीटरची, वडाला अपुरी पडते. म्हणून सुतळी गुंडाळायची, गाठीपाशी खूण करायची आणि सुतळी जमिनीवर सरळ ठेवून मोजायची. उतारावरचं झाड वरच्या बाजूने मोजायचं. घरटी, ढोली दिसल्यास लिहायच्या. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं. पण घेरावरून वय तिने स्वतः ठोकून देऊ नये, ते सहज खोडता येतं. ‘या झाडाचं वय कसं ठरवलं, त्याची नोंद दाखवावी’ एवढी मागणी पुरे.

अर्ज वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे, वर नोटिशीचा क्रमांक आणि तारीख. खाली तिची सही, तिच्याखाली पालकाची सही आणि पालकाचा पत्ता. मुलीचा फोन नंबर नको. दोन प्रती काढून महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनातल्या आवक विभागात द्यायच्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घेऊनच बाहेर पडायचं. साहेबांच्या हातात दिलं म्हणजे पोचलं असं होत नाही. आणि ग्रुपवर फिरणारा तयार मजकूर नको. दोनशे जणांनी एकच मजकूर दिला की तो एक मुद्दा म्हणून निकाली काढणं सोपं जातं. वीस मुलांनी वीस झाडं वाटून घेतली तर वीस उत्तरं द्यावी लागतात.

पुढची पायरी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा, १५० शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज पालकाच्या नावे करावा म्हणजे वयावरून फाटे फुटत नाहीत. मुलं इथे हमखास एक चूक करतात: ‘शाळेसमोरचा रस्ता का खोदून ठेवला आहे?’ असं विचारतात. ‘का’ला उत्तर मिळत नाही, कारण कायदा कागद देतो, कारणं नव्हे. त्याऐवजी लिहावं: ‘सदर कामाच्या कार्यारंभ आदेशाची प्रत, काम पूर्ण करण्याची मुदत, मुदतवाढ दिली असल्यास त्या पत्राची प्रत.’ का ते त्या तीन कागदांतून आपोआप कळतं. तीस दिवसांत काही आलं नाही तर वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील.

निवडणुकीत एका उमेदवाराची माणसं वस्तीतल्या मुलांना टोप्या-झेंडे देऊन फिरवत होती. हे चालतं का?
*– शिक्षिका, सिन्नर*

नाही. भारत निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ ला पक्षांना स्पष्ट बजावलं आहे: प्रचारात मुलं नकोत. घोषणा, पत्रकं, रॅली, कडेवर घेऊन मिरवणं, काहीच नको. आईबापांसोबत आलेलं मूल नुसतं जवळ उभं असेल तर तो भंग नाही. लोकसभा-विधानसभेच्या वेळी सी-व्हिजिल अ‍ॅपवर जागेवरून फोटो टाकता येतो. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे लेखी करायची. वडापावच्या बदल्यात झेंडा धरणारं मूल राजकीयदृष्ट्या जागरूक झालं असं कोणी म्हणू नये.

मुलाने शाळेच्या फीवाढीवर पोस्ट टाकली. मुख्याध्यापक म्हणतात, दाखला देऊन टाकू.
*– वडील, पाथर्डी फाटा*

मूल आठवीपर्यंतचं असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ त्याला काढून टाकू देत नाही, आणि कलम १७ मानसिक छळाला मनाई करतं. धमकी तोंडी आहे तोवर ‘आपलं म्हणणं लेखी द्यावं’ असा अर्ज आवक करून द्या. बहुतेक धमक्या इथेच विरतात. लेखी आलं तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जा. नववीपुढच्या मुलाला कलम १६ चं कवच नाही, तिथे जरा सबुरीने घ्या. पोस्टमध्ये कुणा शिक्षकाचं नाव घेऊन शेरे मारले असतील तर तेवढा भाग आधी काढायला सांगा. फीचा मुद्दा राहू द्या.

नातीचा फलक धरलेला फोटो व्हायरल झाला. खाली घाणेरड्या कॉमेंट येतायत. ती जेवत नाही.
*– आजी, द्वारका*

आधी तिच्या हातातून फोन घ्या, रागाने नव्हे. कॉमेंट वाचायचं काम घरातल्या एका मोठ्याने करायचं. मग क्रम महत्त्वाचा. प्रत्येक कॉमेंटचा स्क्रीनशॉट काढा, त्यात खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे, आणि लिंक वेगळी कॉपी करून ठेवा. त्यानंतर रिपोर्ट, सर्वांत शेवटी ब्लॉक. लोक घाईत आधी ब्लॉक करतात किंवा पोस्टच उडवतात, मग पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. शरीरावरून, लैंगिक स्वरूपाचं काही लिहिलं असेल तर ते पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, येऊ शकतं. शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात जा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांच्या विभागात तक्रार करा. तिथे नाव न देताही नोंदवता येते. खातं खासगी करा, टॅग आणि मेसेज फक्त ओळखीच्यांसाठी ठेवा. फोटो मूळ कोणी टाकला ते शोधून त्यालाच काढायला सांगा. बहुतेकदा तो आंदोलनातलाच कुणीतरी भला माणूस असतो आणि लगेच काढतो. दोन-तीन दिवसांनीही ती जेवत-झोपत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. तो चोवीस तास चालू असतो, आणि आजीनेही केला तर चालतो.